बाण कुणाची वाट पाहतो

बाणनं माझ्यावर दात विचकले, तेव्हा माझ्या हातात त्याचीच ताटली होती. दुधात भाकरी कुस्करून, वर थोडं तूप घालून मी ती त्याच्यापुढं ठेवायला वाकलो आणि त्याच्या छातीतून खोल घरघर आली. कितीतरी वर्षांत मी ती ऐकली नव्हती. मी ताटली तिथंच ठेवली आणि मागं सरकलो.

"पद्मजा, जरा बाहेर ये."

ती ओले हात पदराला पुसत व्हरांड्यात आली. बाणनं तिच्याकडं पाहिलं. डोकं एका अंगाला कललेलं, कानामागं टाके, चालताना मागचे पाय लटपटत होते, तरी तिला पाहून त्याची शेपटी हलायला लागली. तिनं तीच ताटली उचलून पुन्हा त्याच्यापुढं ठेवली. तो खायला लागला.

"घाबरलाय," ती म्हणाली. "दवाखान्यातून आत्ताच आलाय ना. होईल नीट."

मी हो म्हणालो. पण घाबरलेलं कुत्रं कसं बघतं ते मला माहीत होतं. बाण मला घाबरला नव्हता. तो मला ओळखत नव्हता.

आदल्या आठवड्यात उसाच्या ट्रॉलीचा लोखंडी आकडा त्याच्या डोक्याला लागला होता. सांगलीत हंगामात रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. फिरायला मीच नेलं होतं. एका मांजराच्या मागं त्यानं झेप घेतली, पट्टा तुटला. तो रस्त्यात पडला तेव्हा मी त्याला उचलून रिक्षात घातलं, आणि दवाखान्यापर्यंत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दोन दिवस तो शुद्धीवर नव्हता. रोज दुकान बंद करून मी तिथं जाऊन बसायचो.

माझं नाव धन्यकुमार मगदूम. गणपती पेठेत माझं चष्म्याचं दुकान होतं. आईच्या आजारपणात लग्नाचं वय निघून गेलं, आणि चाळिशी उलटल्यावर नात्यातल्या एका मावशींनी पद्मजाचं स्थळ आणलं. ती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. तिचा नवरा अभय चौगुले दुसऱ्या एका हायस्कुलात खेळाचा शिक्षक होता. तासगाव रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात तो गेला होता. मूलबाळ नव्हतं. माझी दुकानावरची खोली दोघांना पुरण्यासारखी नव्हती, म्हणून विश्रामबागेतल्या तिच्या घरी मी राहायला आलो.

घर तिचं म्हणायचं, पण होतं अभयचं. व्हरांड्याच्या कडीला त्यानं व्यायामासाठी लोंबवलेला दोर होता. न्हाणीतला आरसा त्याच्या उंचीला लावलेला. दाढी करताना मला टाचा उचलाव्या लागत. हॉलमधला त्याचा फोटो पद्मजानं लग्नाआधीच काढून ठेवला होता. मी काही म्हणालो नव्हतो. भिंतीवर फिकट चौकोन तेवढा राहिला होता आणि त्याच्यावर काय लावावं हे आम्हा दोघांनाही कधी सुचलं नाही.

बाणही त्याचाच. जतकडून आणलेला कारवानी कुत्रा, लांब तोंडाचा, पोट आत ओढलेलं, पळायला निघाला की जमिनीला पाय लागतात की नाही असं वाटायचं. अभय रोज पहाटे त्याच्याबरोबर नदीकडं पळत जायचा, हे मला शेजाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. त्यातले एकजण माझ्या पोटाकडं बघून हसलेही होते.

पहिलं वर्षभर बाण माझ्याजवळ आला नाही. मी रेटलं नाही. रोज संध्याकाळी त्याला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत चालायचो, माझ्या चालीनं. एका हिवाळ्यात तो पलंगाच्या माझ्या बाजूला येऊन झोपला. पद्मजा हसून म्हणाली, "फितूर झाला की हो." त्यानंतर तो माझाच झाला. दुकानातून यायच्या वेळी गेटपाशी थांबायचा. पद्मजानं बोलावलं तरी आधी माझ्याकडं बघायचा. त्या घरात एवढी एकच गोष्ट मी माझ्या हिमतीवर मिळवली होती, आणि खरं सांगायचं तर अभयकडून जिंकून घेतली होती.

म्हणून ती घरघर मला लागली.

डॉक्टर नदाफ बाईंचा दवाखाना मिरज रस्त्यावर होता. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, चष्मा माझ्याच दुकानातला. टाके काढायला नेलं तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी टेबलाखाली दोन स्टीलच्या वाट्या पालथ्या घातल्या. बाण वासावर जाऊ नये म्हणून दोन्हींना आतून बिस्कीट चोळून घेतलं होतं. मग बाणच्या डोळ्यांसमोर एका वाटीखाली बिस्कीट ठेवलं आणि त्याला सोडलं. तो सरळ त्याच वाटीकडं गेला.

"आता बघा," त्या म्हणाल्या.

पुन्हा बिस्कीट ठेवलं. या वेळी सोडायच्या आधी त्याला खोलीला एक फेरी मारून आणलं. बाण वाट्यांसमोर उभा राहिला. चुकीच्या वाटीकडं गेला असता तरी मला बरं वाटलं असतं. तो कुठेच गेला नाही. इथं काही ठेवलंय, आपण काही शोधायचंय, हेच त्याच्या डोक्यात उरलं नव्हतं. तो खिडकीबाहेर बघत बसला.

"नवीन काही टिकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आत्ता खाल्लं, थोड्या वेळानं विसरणार. पुन्हा मागेल. मेंदूत एक लहानसा भाग असतो, नवीन आठवण आधी तिथं धरली जाते. मग हळूहळू बाकीच्या मेंदूत मुरते. त्याला वर्षं लागतात कधीकधी. याचा तोच भाग दुखावलाय."

"आणि जुनं?" पद्मजानं विचारलं.

"मुरलेलं आहे ते शाबूत आहे. घर ओळखतो, तुम्हाला ओळखतो. 'बस' म्हटलं की बसतो, सवयी वेगळ्या जागी असतात. मधलं मात्र गेलंय. किती मागचं, ते मला नेमकं नाही सांगता येणार. पण यांना ओळखत नाही, म्हणजे..."

"म्हणजे त्याच्या लेखी मी या घरात आलोच नाही," मी म्हणालो.

"त्याच्या लेखी, नाही."

"परत येईल ते?"

"थोडंफार येतं कधी. मी भरवसा देणार नाही. आकडीच्या गोळ्या मात्र तीन वेळा, चुकवायच्या नाहीत. आकडी आली तर उरलंय तेही जाईल."

रिक्षात पद्मजा बाणला कुशीत घेऊन बाहेर बघत होती. मला जे सुचलं होतं ते तिलाही सुचलं असणार. मी आलो नव्हतो असं जर त्याच्या डोक्यात चाललं असेल, तर तिथं मग कोण होतं?

उत्तर संध्याकाळीच मिळालं. ऊन कलल्यावर बाण उठला, झोकांड्या खात गेटपाशी गेला आणि कान टवकारून रस्त्याच्या डाव्या अंगाला बघत बसला. माझं दुकान उजवीकडं होतं. डावीकडं अभयच्या शाळेचं मैदान.

पद्मजा स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. तिची पोळी तव्यावर करपली. मी वास आल्यावर आत गेलो आणि गॅस बंद केला. ती तशीच उभी होती.

"मैदानावरून यायचा तो या वेळेला. रविवारी बाणलाही न्यायचा," ती म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

अभय जाऊन सहा वर्षं झाली होती. आणि आमच्या गेटवर त्याची रोज वाट बघितली जाऊ लागली.

आमचं घर त्यानंतर बाणच्या घड्याळावर चालायला लागलं. मी रोज सकाळी त्याला नवा असायचो. दुपारपर्यंत वास घेऊन, लांबून बघून तो मला सहन करायचा. मी न्हाणीत जाऊन आलो की पुन्हा घरघर. सकाळच्या आणि संध्याकाळच्या गोळ्या पद्मजा द्यायची. दुपारी ती शाळेत असायची, आणि माझ्या हातून तो काही घेत नव्हता. गुळात घालून दिली, लोण्यात दिली. एकदा त्यानं माझ्या अंगठ्याला दात लावले. रक्त आलं नाही, पण बोट दिवसभर ठणकत होतं.

त्या संध्याकाळी पद्मजानं पलंगाखालची ट्रंक ओढली. तळातून तिनं निळं जाकीट काढलं, खेळाच्या शिक्षकांचं असतं तसं, चेनचं. ते घरात आहे हे मला ठाऊक नव्हतं. तिनं ते झटकलं नाही. हळूच उलगडलं आणि दोन्ही हातांवर धरून माझ्यासमोर उभी राहिली.

"दुपारी गोळी देताना हे घालाल का? वास असेल अजून. निदान घरघरणार तरी नाही."

"वास असेल?" मी म्हणालो. "तू घेऊन बघितलास?"

तिनं जाकिटाची बाही नीट केली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

"मी नाही घालणार ते."

"बाणसाठी म्हणतेय मी."

"कळलं मला कुणासाठी म्हणतेस."

तिनं जाकीट घडी घालून पुन्हा ट्रंकेत ठेवलं. दुसऱ्या दिवशी शाळेत बिनपगारी रजेचा अर्ज दिला.

मग ती दोघं दिवसभर घरात असायची, आणि मी दुकानात. लोकांच्या डोळ्यांना भिंगं लावून बघताना माझं लक्ष घरी असायचं. अक्षरं वाचा म्हणून सांगायचो आणि गिऱ्हाईक काय वाचतंय ते ऐकू यायचं नाही. मी मेलेल्या माणसाबद्दल इतका विचार आयुष्यात कधी केला नव्हता. तो कसा दिसत असेल घामानं भिजलेला. गेटमधून येताना काय म्हणत असेल. कुणाला आधी जवळ घेत असेल, कुत्र्याला की तिला.

एकदा लवकर घरी आलो. मागच्या दारानं शिरलो, कारण पुढं बाण असणार. व्हरांड्यापलीकडून पद्मजाचा आवाज येत होता. ती गेटपाशी पायरीवर बसली होती, बाणच्या पाठीवर हात ठेवून.

"येईल रे. येईल आता. आज उशीर झाला असेल त्याला, मुलं सोडत नाहीत. तुला माहितीये ना कसा आहे तो."

मी दाराआड उभा राहिलो. लग्न होऊन चार वर्षं झाली तरी मला ती 'अहो' म्हणायची. अभय कॉलेजातला, बरोबरीचा, त्याला कायम अरे-तुरे. हे मला आधीपासून माहीत होतं. पण माहीत असणं निराळं आणि त्या पायरीवरून ऐकणं निराळं. 'कसा आहे तो' म्हणाली ती. होता नाही, आहे.

ती बाणला घेऊन आत आल्यावर मी म्हणालो, "कुत्र्याला खोटं कशाला सांगतेस?"

ती दचकली. मग माझ्या हातातली पिशवी घेतली आणि भाजी काढून ठेवायला लागली.

"खरं सांगू? सांगते. अभय मेला म्हणून सांगते त्याला. दहा मिनिटांत विसरेल. मग परत सांगू? रोज संध्याकाळी नव्यानं सांगत बसू?"

"कुत्र्याला कळतं होय भाषा?"

"मग तुमचं काय बिघडतं मी काय बोलते त्यानं?"

मी म्हणालो, "तीन वर्षं तो माझा होता."

"कोण, बाण?"

"बाणच. दुसरं कोण होतं माझं या घरात?"

मेथीची जुडी तिच्या हातात होती. ती खाली ठेवून ती खुर्चीवर बसली.

"तुम्ही कधी म्हणाला नाहीत, की अभयचं नाव काढू नकोस म्हणून," ती सावकाश म्हणाली. "पण एकदा मी सहज बोलून गेले, अभयला पावटा आवडायचा नाही. आठवतंय? तुम्ही पानावरून उठलात. पोट भरलं म्हणालात. त्यानंतर मी ते नाव घेतलं नाही. आईकडंही नाही, कारण आईला वाटायचं मी सुखी नाहीये. कुठंच नाही. आता बाणच्या निमित्तानं ते नाव मोठ्यानं घेता येतंय मला. तेवढं घेऊ द्या. तो काही दिवसांचाच सोबती आहे."

मी त्या रात्री जेवलो नाही. पोट भरलं म्हणालो नाही, भूक नाही म्हणालो.

पुढच्या रविवारी जयसिंगपूरहून निरोप आला, तिची आई घसरून पडली. हाड मोडलं नव्हतं, पण बघून यायला हवं होतं. पद्मजानं बाणला सकाळची आणि दुपारची गोळी दिली. "संध्याकाळच्या गोळीला मी येतेच," म्हणाली. "नाहीच आले, तर..." आणि ट्रंकेकडं बघितलं.

मी बाणच्या वाटेला न जाता आतल्या खोलीत हिशेबाचं काम काढून बसलो. ऊन कलत आलं असेल. बाहेरून आवाज आला, "मीटर बघायचाय हो." मी बाहेर जाईपर्यंत तो माणूस मीटरपाशी पोचला होता आणि गेट सताड उघडं होतं. बाण नव्हता.

"कुत्रं?" मी विचारलं.

"गेलं की भाईर. मला वाटलं, सोडलंय तुम्ही."

कुठं गेला असेल हे मला विचारावं लागलं नाही. स्कूटर काढली आणि डावीकडं वळलो. वाटेत चौकात ट्रॉल्यांची रांग होती. त्यांच्या मधून तो कसा गेला असेल हे मनात येऊन मी स्कूटरचा वेग वाढवला.

शाळेचं मैदान रिकामं होतं. पलीकडच्या कडेला, पळण्याच्या चुन्याच्या रेषा जिथं संपतात तिथं, बाण बसला होता. ताठ, कान उभे, इमारतीच्या दाराकडं तोंड करून. मी लांबूनच थांबलो. हाक मारली, त्यानं मान वळवली आणि घरघर सुरू केली. आणखी दोन पावलं टाकली, तसा तो उठून लटपटत कुंपणाकडं सरकला. कुंपणापलीकडं रस्ता होता. मी तिथंच खाली बसलो.

गोळीची वेळ होत आली होती. मला वाटलं, घरी जावं आणि जाकीट घालून यावं. पण तोवर तो रस्त्यावर गेला तर? दिवस मावळायला लागला होता. मी जयसिंगपूरला फोन लावला. मोबाइल तेव्हा नवाच घेतला होता. तिच्या भावानं उचलला, मग ती आली.

"बाण मैदानावर आलाय," मी म्हणालो. "मी समोर आहे. जवळ येऊ देत नाही."

"मी निघते. पण तास तरी लागेल मला."

"पद्मजा," मी म्हणालो, "अभय इथून त्याला घरी कसा आणायचा?"

त्या नावाला माझ्या तोंडची सवय नव्हती. ते बाहेर पडलं तेव्हा मला ते अगदी साधं वाटलं, कुणाही माणसाचं असतं तसं.

"'शेवटची फेरी' म्हणायचा," ती म्हणाली. "'चल बाण, शेवटची फेरी.' आणि पळायला लागायचा. मागं बघायचं नाही. मागं बघितलं की बाण खेळायला लागतो. मैदानाची एक फेरी आणि मग तसंच पळत घरापर्यंत."

"पळत?"

"हो," ती म्हणाली. "पळतच."

मी शाळेतसुद्धा कधी पळालो नव्हतो. पायात चपला होत्या, त्या काढल्या. चष्मा खिशात घातला, म्हणजे मैदानाची पलीकडची बाजू मला पुसट दिसायला लागली. रेषेवर उभा राहिलो आणि म्हणालो, "चल बाण, शेवटची फेरी." आवाज फाटला. पुन्हा म्हणालो. आणि पळायला लागलो.

पहिल्या वळणापर्यंत मला फक्त माझाच श्वास ऐकू येत होता. पोट हिंदकळत होतं. पायाला खडे टोचत होते. मागं बघायचं नाही, मागं बघायचं नाही, असं मी मनात म्हणत होतो. दुसऱ्या वळणाआधी मातीवर आवाज आला, अडखळत येणारा, मग सरळ होत गेलेला. मग माझ्या उजव्या अंगाला, गुडघ्याला लागेल इतक्या जवळ, तो होता. डोकं कललेलं, पण पाय लटपटत नव्हते. पळताना तो लटपटत नव्हता. त्याच्या पायांना ते पाठ होतं.

मैदानातून बाहेर पडलो तसेच रस्त्यानं निघालो. स्कूटर तिथंच राहिली, चपलाही. ट्रॉलीवाले बघत होते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं "मगदूम साहेब?" असं विचारल्यासारखं म्हटलं. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा पळता आलं नसतं. छातीत कळ येत होती आणि मला वाटत होतं, आपण पडलो तर हा इथंच बसून दुसऱ्याचीच वाट बघेल. तरी मी पळत होतो, आणि माझ्या बाजूनं बाण पळत होता, त्याच्या दृष्टीनं कुणाबरोबर ते मला माहीत नाही.

घरात शिरल्यावर मी व्हरांड्यात आडवा पडलो. बाण माझ्या तोंडावरचा घाम चाटत राहिला. मी खिशात ठेवलेली संध्याकाळची गोळी काढली, त्याच्या जिभेवर ठेवली, त्यानं ती गिळली. मग आम्ही दोघं धापा टाकत पडून राहिलो.

पद्मजा आली तेव्हा दिवा लागला नव्हता. बाण तिच्याकडं धावला, तिच्याभोवती दोनदा फिरला, मग वळून त्यानं माझ्याकडं बघितलं आणि घरघरला.

मला हसू आलं. हसताना छाती दुखली. पद्मजा माझ्याकडं, माझ्या अनवाणी पायांकडं बघत होती.

"खरंच पळालात?"

"तू पळत म्हणालीस."

ती हसायला लागली आणि हसता हसता तिचं रडणं सुरू झालं. ती माझ्याशेजारी खाली फरशीवर बसली. मग ती म्हणाली, "ज्या दिवशी अभय गेला, त्या दिवशी आम्ही भांडलो होतो."

"कशावरून?"

"काही नाही हो. मी चार दिवस सांगत होते गॅसचा नंबर लाव, तो विसरला. सकाळी सिलिंडर संपला. मी स्टोव्हवर चहा करत होते. तो निघाला, दारात थांबला, म्हणाला, 'पद्मे, जातो गं.' मी ऐकलं. मी वळले नाही. तो अजून जरा वेळ थांबला होता, मला कळत होतं. मग मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला." तिनं डोळे पुसले. "हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लोक म्हणायचे, किती चांगला जोडा होता. मी मान हलवायचे."

इतके दिवस मला वाटत होतं, ती जे ट्रंकेत जपून ठेवते ते प्रेम असणार, आणि माझ्या वाट्याला उरलंसुरलं येतंय. मी तिच्या हातावर हात ठेवला. "आणखी सांग," मी म्हणालो. "कसा होता तो?"

तिनं सांगितलं. तो घोरायचा. हरलेल्या पोरांना घरी आणून पोटभर खायला घालायचा. चिडला की दोन-दोन दिवस बोलायचा नाही. त्याला चित्र काढायला आवडायचं आणि एकही बरं जमायचं नाही. ऐकताना मला मधूनमधून टोचत होतं, नाही असं नाही. पण मी उठलो नाही.

बाण त्यानंतर दोन पावसाळे जगला. त्यानं मला पुन्हा कधी ओळखलं नाही. तरी काही महिन्यांनी एक गोष्ट झाली. सकाळी मला पाहून तो अनोळखी माणसाकडं बघावं तसाच बघायचा, पण घरघर थांबली. माझ्या हातून गोळी घ्यायला लागला. मी डॉक्टर नदाफ बाईंना मोठ्या आशेनं विचारलं, आठवायला लागलंय का?

"आठवण नाही ती," त्या म्हणाल्या. "तुम्ही कोण ते त्याला माहीत नाही. पण तुमच्यापासून धोका नाही, एवढं अंगाला कळलंय. तेवढ्यावर समाधान माना."

मी मानलं. पद्मजाची रजा संपली, ती शाळेत जायला लागली. संध्याकाळी मी दुकानातून लवकर यायचो.

अशाच एका संध्याकाळी मी आलो तेव्हा बाण गेटपाशी बसला होता, डावीकडं तोंड करून. मी आत आलो, त्यानं माझ्या पँटला नाक लावलं आणि पुन्हा रस्त्याकडं वळला. मी पिशवी पायरीवर ठेवली आणि त्याच्या शेजारी उभा राहिलो. मागं स्वयंपाकघरात पद्मजा ओट्यापाशी पाठमोरी काही करत होती, भांड्यांचा आवाज येत होता. मैदानावरून पोरं घरी निघाली होती. रस्त्यानं कुणी उंच माणूस येताना दिसला की बाणच्या अंगातून एक थरथर जायची, आणि माणूस जवळ आला की ती ओसरायची.

येऊ दे त्याला एकदा, माझ्या मनात आलं. दारात थांबून तिला हाक मारू दे, आणि तिला वळून बघू दे.

मी बाणच्या पाठीवर हात ठेवला आणि अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं रस्त्याकडं बघत राहिलो.